प्रादेशिक जेट विमानाच्या वेग व उंचीच्या मर्यादा (उड्डाण सदृशीकरण)

प्रादेशिक जेट विमानाच्या वेग व उंचीच्या मर्यादा म्हणजे साधारणतः ५० ते १०० आसनांच्या, कमी अंतराच्या मार्गांवर चालणाऱ्या जेट विमानाने किती वेगाने व किती उंचीवर उडावे याविषयी ठरवून दिलेल्या सीमा होत. या सीमा विमानाच्या प्रमाणन-चाचण्यांतून निश्चित होतात व विमानाच्या अधिकृत पुस्तिकेत नोंदवल्या जातात. उड्डाण सदृशीकरणात, म्हणजे फ्लाइट सिम्युलेशनमध्ये, त्याच सीमा संगणकीय प्रतिमानाच्या साहाय्याने पुन्हा उभ्या केल्या जातात. वैमानिकांच्या व्यावसायिक प्रशिक्षणासाठी वापरले जाणारे पूर्ण उड्डाण सिम्युलेटर आणि घरच्या संगणकावर चालणारे सिम्युलेटर या दोन्हींत त्यांचा विचार करावा लागतो.

या मर्यादांविषयी एक गैरसमज सर्वत्र आढळतो. ‘कमाल उंची ३७,००० फूट’ असे वाचले की विमान केव्हाही, कोणत्याही वजनाने आणि कोणत्याही वेगाने तेथवर जाऊ शकते असे वाटते. प्रत्यक्षात ती उंची म्हणजे ओलांडू नये अशी सीमा आहे; ती गाठता येईलच असे आश्वासन नव्हे. या भेदाकडे दुर्लक्ष झाल्याने २००४ साली अमेरिकेत एक प्रादेशिक जेट कोसळले व त्यातील दोन्ही वैमानिक मृत्युमुखी पडले.

महाराष्ट्रातील संदर्भ

महाराष्ट्रात व सीमाभागात लहान विमानतळांना जोडणारी हवाई सेवा दोन प्रकारच्या विमानांनी चालते. पहिला प्रकार टर्बोप्रॉप विमानांचा. यात पंख्याला फिरवणारे जेट इंजिन असते. एटीआर-७२ हे त्याचे परिचित उदाहरण. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सिंधुदुर्ग जिल्ह्यातील चिपी विमानतळाचे उद्घाटन झाले, तेव्हा मुंबईहून तेथे आलेली अलायन्स एअरची सेवा याच विमानाची होती. दुसरा प्रकार प्रादेशिक जेटचा. २०१९ मध्ये सेवा सुरू करणाऱ्या स्टार एअर या कंपनीने ब्राझीलमधील एम्ब्राएर कंपनीची ईआरजे-१४५ विमाने वापरून बेळगाव, कोल्हापूर, नांदेड यांसारखी शहरे जोडली. पुढे तिच्या ताफ्यात ई-१७५ ही मोठी विमानेही आली. ईआरजे-१४५ विमानाचे पहिले उड्डाण ११ ऑगस्ट १९९५ रोजी झाले. त्यात सुमारे ५० प्रवासी बसतात.

रायगड जिल्ह्यातील श्रीवर्धन येथे विमानतळ नाही. मात्र मुंबईहून दक्षिणेकडे किनाऱ्याला धरून जाणाऱ्या सरळ रेषेवर, मुंबई विमानतळापासून सुमारे ११८ किलोमीटर म्हणजे ६४ सागरी मैलांवर, हे गाव येते. मुंबईहून निघालेले जेट विमान या अंतरापर्यंत चढाईच्या मध्यावर असते. त्यामुळे वेग व उंची यांचा संबंध समजून घेण्यासाठी हे ठिकाण सोयीचे उदाहरण ठरते.

वेगाचे प्रकार

विमानाचा ‘वेग’ हा एकच आकडा नसतो. सदृशीकरणात नव्याने शिरणाऱ्यांचा गोंधळ बहुधा येथेच होतो.

दर्शित वेग: वेगमापकावर दिसणारा वेग. हे उपकरण वस्तुतः समोरून येणाऱ्या हवेचा दाब मोजते. पंखाला मिळणारी उचलही याच दाबावर अवलंबून असल्याने वैमानिकाच्या दृष्टीने हा वेग सर्वांत महत्त्वाचा होय. तो नॉट या एककात सांगतात. १ नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर.

खरा वेग: सभोवतालच्या हवेच्या तुलनेत विमानाचा प्रत्यक्ष वेग. उंचीवर हवा विरळ असल्याने तेवढाच दाब निर्माण होण्यास विमानाला अधिक वेगाने जावे लागते. श्रीवर्धनच्या आकाशात २०,००० फुटांवर वेगमापक २७० नॉट दाखवत असेल, तर प्रमाण वातावरणात खरा वेग सुमारे ३६२ नॉट, म्हणजे ताशी ६७० किलोमीटर असतो.

भूवेग: जमिनीच्या तुलनेत असलेला वेग. खऱ्या वेगात वाऱ्याची भर वा घट धरून तो मिळतो. गंतव्यस्थानी पोहोचण्याची वेळ त्यावरून ठरते; विमानाच्या सुरक्षिततेच्या मर्यादांशी त्याचा संबंध नसतो.

माख संख्या: खरा वेग आणि त्या ठिकाणचा ध्वनीचा वेग यांचे गुणोत्तर. बोलण्यात तिला ‘मॅक’ असेही म्हणतात. ध्वनीचा वेग हवेच्या तापमानावर अवलंबून असतो. प्रमाण वातावरणात समुद्रसपाटीला, १५ अंश सेल्सिअस तापमानात, तो सुमारे ६६१ नॉट असतो. ११ किलोमीटर उंचीवर, उणे ५६.५ अंशांत, तो ५७४ नॉटपर्यंत उतरतो.

वेगाच्या वरच्या मर्यादा

प्रत्येक जेट विमानाला कमाल वेगाच्या दोन मर्यादा असतात. पहिली दर्शित वेगात सांगितलेली असते. तिचा संबंध मुख्यतः हवेच्या दाबाने विमानाच्या सांगाड्यावर येणाऱ्या भाराशी आहे. दुसरी माख संख्येत सांगितलेली असते. विमान ध्वनीच्या वेगाच्या जवळ जाऊ लागले की पंखाच्या वरच्या वक्र पृष्ठभागावरून वाहणारी हवा काही ठिकाणी ध्वनीहून वेगवान होते. तेथे आघात-तरंग निर्माण होतात, प्रवाह पृष्ठभागापासून सुटतो, विमान थरथरू लागते आणि त्याचे नाक खाली झुकण्याची प्रवृत्ती दिसते.

ईआरजे-१४५च्या प्रचलित आवृत्त्यांत ८,००० फुटांखाली कमाल दर्शित वेग २५० नॉट व १०,००० फुटांवर ३२० नॉट आहे. मधल्या पट्ट्यात तो क्रमाने वाढतो. कमाल माख संख्या ०.७८ आहे. खालच्या थरातील कमी मर्यादेच्या संदर्भात हे लक्षात घेण्यासारखे आहे की, मोठ्या विमानांच्या प्रमाणन-नियमांत पक्ष्याच्या धडकेची कसोटी ८,००० फुटांपर्यंतच्या उंचीशी जोडलेली आहे.

या दोन मर्यादांपैकी कोणती आधी लागू पडेल हे उंचीवर ठरते. गणिताने पाहता, ३२० नॉट दर्शित वेग आणि ०.७८ माख संख्या ही दोन्ही मूल्ये सुमारे २६,००० फुटांवर एकमेकांस मिळतात. त्याखाली नॉटची मर्यादा आधी येते, त्याहून वर माख संख्येची. म्हणूनच चढाई करताना वैमानिक विशिष्ट उंचीनंतर नॉटऐवजी माख संख्या पाहून वेग राखतो.

यांखेरीज वाहतूक नियमांतून येणारी मर्यादाही असते. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या वर्गवारीतील अनेक प्रकारच्या हवाई क्षेत्रांत १०,००० फुटांखाली २५० नॉटची कमाल मर्यादा आहे. ती विमानाच्या बळकटीसाठी नसून, इतर वाहतूक पाहून टाळण्यास वेळ मिळावा यासाठी आहे.

वेगाची खालची मर्यादा

पंख हवेला ज्या कोनात सामोरा जातो तो कोन एका सीमेपलीकडे वाढला की पंखावरील प्रवाह तुटतो व उचल एकाएकी घटते. या अवस्थेस स्टॉल म्हणतात. मोटारीचे इंजिन बंद पडण्याशी या शब्दाचा संबंध नाही. इंजिने पूर्ण जोरात चालू असतानाही विमान स्टॉल होऊ शकते.

वेग कमी झाला की तेवढीच उचल टिकवण्यासाठी नाक वर करून कोन वाढवावा लागतो. म्हणून कमी वेग धोक्याचा. वजन वाढल्यास स्टॉलचा वेग वाढतो. वळण घेतानाही तो वाढतो: ३० अंशांच्या कलत्या वळणात सुमारे साडेसात टक्क्यांनी आणि ६० अंशांच्या वळणात सुमारे ४१ टक्क्यांनी. जेट विमानांत या अवस्थेची सूचना देण्यासाठी वैमानिकाच्या हातातील दांडा थरथरवणारी यंत्रणा असते. काही विमानांत, सूचनेकडे दुर्लक्ष झाल्यास, तो दांडा आपोआप पुढे ढकलून नाक खाली करणारी यंत्रणाही असते.

दोन सीमांमधील अरुंद पट्टा

उंची वाढत जाते तशी वरची आणि खालची सीमा एकमेकींच्या जवळ येतात. स्टॉलचा दर्शित वेग उंचीनुसार फारसा कमी होत नाही. उलट तो किंचित वाढतो. माख संख्येची मर्यादा मात्र दर्शित वेगात मोजली असता झपाट्याने उतरते. ईआरजे-१४५च्या बाबतीत २६,००० फुटांवर ही वरची सीमा ३२० नॉट असते. ३७,००० फुटांवर ०.७८ माख संख्या म्हणजे दर्शित वेगात सुमारे २५२ नॉट. अकरा हजार फुटांच्या चढाईत सुमारे ६८ नॉटचा वाव नाहीसा होतो. त्या वेळी विमानाचा खरा वेग मात्र सुमारे ४४७ नॉट, म्हणजे ताशी ८२९ किलोमीटर असतो.

फार उंचीवर हा पट्टा इतका अरुंद होऊ शकतो की वेग थोडा वाढला तर थरथर आणि थोडा घटला तर स्टॉल अशी स्थिती येते. वैमानिकांच्या बोलीत या जागेस ‘कॉफिन कॉर्नर’, म्हणजे शवपेटीचा कोपरा, असे नाव आहे. व्यवहारात प्रवासी विमाने या टोकापर्यंत जात नाहीत. पुरेसा वाव राहावा म्हणून, सुमारे ४० अंशांच्या वळणाइतका भार (गुरुत्वाच्या १.३ पट) सहज पेलता येईल अशीच उंची त्या त्या वजनासाठी निवडण्याची पद्धत आहे.

उंचीच्या मर्यादा

उंचीची मर्यादा एका कारणाने ठरत नाही. पुढील चार गोष्टींपैकी जी सर्वांत खाली असेल ती लागू पडते.

१. प्रमाणित कमाल उंची: ही विमानाच्या पुस्तिकेत दिलेली असते. एटीआर-७२साठी ती २५,००० फूट, ईआरजे-१४५साठी ३७,००० फूट आणि ई-१७५ व बम्बार्डिए सीआरजे-२०० यांच्यासाठी ४१,००० फूट आहे. प्रवासी कक्षातील हवेचा दाब हा तिचा एक मोठा आधार असतो. नेहमीच्या परिस्थितीत कक्षातील दाब ८,००० फुटांवरील दाबाहून कमी होऊ नये असा नियम आहे. बाहेर हवा जितकी विरळ, तितका आतील-बाहेरील दाबाचा फरक अधिक व सांगाड्यावरील ताणही अधिक.

२. इंजिनांचा जोर: विरळ हवेत इंजिनांचा जोर घटतो. हवा प्रमाण वातावरणाहून उबदार असेल तर तो आणखी घटतो. उष्ण कटिबंधात, म्हणजे कोकणच्या आकाशातही, जेट विमाने उडतात त्या थरातील हवा बहुधा प्रमाणाहून उबदार असते. म्हणून तेच विमान, तेच वजन असतानाही, थंड प्रदेशात गाठता येणारी उंची येथे गाठता येईलच असे नाही.

३. पंखांवरील वाव: वर वर्णिलेला दोन सीमांमधील पट्टा. जड विमानासाठी तो लवकर अरुंद होतो. इंधन जळून वजन घटले की तो रुंदावतो.

४. मार्गाची लांबी व वाहतूक नियंत्रण: लहान मार्गावर उंच जाण्यास जागाच नसते.

चौथा मुद्दा कोकणच्या उदाहरणाने स्पष्ट होतो. सदृशीकरणात ईआरजे-१४५ घेऊन मुंबईहून चिपीस जावयाचे असे मानले, तर सरळ अंतर सुमारे १८९ सागरी मैल, म्हणजे ३५० किलोमीटर आहे. उतरताना जेट विमानाला दर हजार फुटांस साधारण तीन सागरी मैल लागतात, असा ठोकताळा आहे. ३७,००० फुटांवरून उतरण्यास १११ मैल हवेत. चढाईलाही साधारण तेवढेच किंवा अधिक. बेरीज २२२ मैलांवर जाते आणि मार्ग तर १८९ मैलांचाच आहे. म्हणजे पुस्तिकेतील कमाल उंची या मार्गावर निरर्थक ठरते. २९,००० फूट निवडल्यास उतरण्यास ८७ मैल लागतात आणि मध्ये थोडेसे सपाट उड्डाण शक्य होते. श्रीवर्धनजवळून जाताना, म्हणजे एकूण मार्गाचा तिसरा हिस्सा संपताना, विमान साधारण वीस ते पंचवीस हजार फुटांवर चढत असेल.

उंचीची निवड दिशेवरही अवलंबून असते. चुंबकीय दिशा ० ते १७९ अंश असेल तर हजारांच्या विषम पातळ्या व १८० ते ३५९ अंश असेल तर सम पातळ्या वापरतात. मुंबई ते चिपी ही दिशा सुमारे १६८ अंश असल्याने जाताना २७,००० किंवा २९,००० फूट, आणि परतताना २८,००० किंवा ३०,००० फूट योग्य ठरतात. २९,००० ते ४१,००० फुटांच्या पट्ट्यात दोन पातळ्यांमध्ये २,००० ऐवजी १,००० फुटांचे अंतर ठेवण्याची पद्धत भारतात २७ नोव्हेंबर २००३ पासून लागू झाली.

दाब आणि उंचीमापक

उंचीमापक हवेच्या दाबावरून उंची सांगतो. त्यामुळे त्यात संदर्भ-दाब भरावा लागतो. उंच थरांत सर्व विमाने १०१३.२५ हेक्टोपास्कल हा एकच प्रमाण दाब वापरतात. सर्वांचा संदर्भ समान असल्याने परस्परांतील अंतर सुरक्षित राहते. उतरताना मात्र स्थानिक दाब भरणे आवश्यक असते. पावसाळ्यात किनाऱ्यावरील दाब १,००० हेक्टोपास्कल असेल आणि प्रमाण दाब तसाच राहिला, तर उंचीमापक प्रत्यक्षाहून सुमारे ३६० फूट जास्त उंची दाखवील. समोर सह्याद्रीचे डोंगर किंवा पावसाने झाकलेली धावपट्टी असताना ही चूक घातक ठरू शकते.

पिनॅकल एअरलाइन्स ३७०१ अपघात

१४ ऑक्टोबर २००४ रोजी पिनॅकल एअरलाइन्सचे सीआरजे-२०० विमान अमेरिकेतील लिटल रॉकहून मिनिआपोलिसकडे नेले जात होते. विमानात प्रवासी नव्हते. केवळ दोन वैमानिक होते. नियोजित उंची ३३,००० फूट असताना त्यांनी ४१,००० फुटांपर्यंत, म्हणजे त्या विमानाच्या कमाल प्रमाणित उंचीपर्यंत, जाण्याची परवानगी मागितली व ती मिळाली.

चढाईच्या अखेरच्या टप्प्यात स्वयंचलित चालकाला मिनिटाला ५०० फूट हा चढाईचा दर राखण्याची आज्ञा दिलेली होती. इंजिनांत तेवढा दर पेलण्याइतका जोर उरला नव्हता. यंत्रणेने आज्ञा पाळली. पण त्याची किंमत वेगाने चुकवली. ४१,००० फुटांवर पोहोचताना दर्शित वेग १६३ नॉट व माख संख्या ०.५७ इतकी खाली आली होती आणि तेथेही वेग घटतच राहिला. स्टॉलची सूचना मिळाली, नाक खाली ढकलणारी यंत्रणा वारंवार कार्यान्वित झाली, आणि या उलथापालथीत हवेचा प्रवाह विस्कळीत होऊन दोन्ही इंजिने बंद पडली.

हवेच्या झोताने इंजिने फिरवून ती पुन्हा सुरू करण्यासाठी किमान ३०० नॉट वेग हवा होता. तो गाठला गेला नाही. नंतर सहायक यंत्राच्या साहाय्याने केलेले प्रयत्नही फसले, कारण इंजिनांचे अंतर्भाग फिरेनासे झाले होते. दोन्ही इंजिने बंद असल्याचे वैमानिकांनी नियंत्रकांना आरंभी सांगितले नाही. एकच बंद असल्याचे कळवले. त्यामुळे जवळच्या विमानतळाकडे वळण्याचा मौल्यवान वेळ गेला. विमान मिसुरी राज्यातील जेफरसन सिटी येथे विमानतळाच्या अलीकडे कोसळले. जमिनीवर कोणी जखमी झाले नाही.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात वैमानिकांचे अव्यावसायिक वर्तन व प्रमाण कार्यपद्धतीपासून ढळणे हे प्रमुख कारण ठरवले. त्याचबरोबर अधिक उंचीवरील उड्डाणाचे प्रशिक्षण, स्टॉलमधून सावरण्याचा सराव आणि दोन्ही इंजिने बंद पडल्यावरची कृती हे प्रशिक्षणातील प्रश्नही पुढे आणले. या अपघातात पुस्तिकेतील कमाल उंची ओलांडली गेली नव्हती, ही बाब ध्यानात घेण्याजोगी आहे. आकडा पाळला गेला. त्यामागील अटी पाळल्या गेल्या नाहीत.

सदृशीकरणातील मर्यादा

पूर्ण उड्डाण सिम्युलेटर प्रत्यक्ष विमानाच्या चाचण्यांतून मिळालेल्या माहितीवर चालतात. नेहमीच्या सीमांच्या आत त्यांची वागणूक विमानाशी अत्यंत जुळते. सीमांबाहेर मात्र चाचण्यांची माहिती विरळ असते. १२ फेब्रुवारी २००९ रोजी झालेल्या कोल्गन एअर ३४०७ या अपघातानंतर अमेरिकेत २०१३ साली नवे नियम झाले. त्यानुसार विमान कंपन्यांच्या वैमानिकांना मार्च २०१९ पासून सिम्युलेटरमध्ये पूर्ण स्टॉलमधून सावरण्याचे प्रशिक्षण देणे बंधनकारक झाले. त्यासाठी सिम्युलेटरांची प्रतिमानेही विस्तारावी लागली.

घरच्या संगणकावरील मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर (पहिली आवृत्ती १९८२), एक्स-प्लेन आणि मुक्त स्रोत असलेले फ्लाइटगिअर यांत विमानाचे प्रतिमान वेगवेगळ्या पद्धतींनी बांधलेले असते. एक्स-प्लेन पंखाचे लहान लहान तुकडे कल्पून प्रत्येकावरील बलाची बेरीज करते. इतर काही प्रतिमाने आधी तयार केलेल्या तक्त्यांवर चालतात. यामुळे एकच विमान दोन सिम्युलेटरांत निरनिराळे वागू शकते. एखाद्या प्रतिमानात विमान ३७,००० फुटांवर पूर्ण वजनाने सहज चढले, तर ते बहुधा विमानाचे सामर्थ्य नसून प्रतिमानातील इंजिन-जोराची उणीव असते.

अभ्यासकाने पुढील पद्धत ठेवल्यास सदृशीकरणातून खरे शिक्षण घडते. चढाईत स्वयंचलित चालकाला चढाईच्या दराऐवजी वेग राखण्याची आज्ञा द्यावी. मग जोर अपुरा पडल्यास चढाई मंदावेल, वेग घटणार नाही. उंची ठरवण्यापूर्वी वजन, तापमान व अंतर पाहावे. चढाईचा दर मिनिटाला काही शे फुटांवर आला की तेथेच थांबावे अथवा खाली यावे. वेगमापकावरील वरच्या व खालच्या लाल खुणांमधील अंतर दर काही हजार फुटांवर टिपून ठेवल्यास, दोन सीमा एकमेकींकडे कशा सरकतात याचा आलेख विद्यार्थ्याला स्वतः काढता येतो.

हे सुद्धा पहा

माख संख्या
स्टॉल (विमानविद्या)
प्रमाण वातावरण
चिपी विमानतळ
एम्ब्राएर
श्रीवर्धन